भोंगामावशीची बस

भोंगामावशी आमच्या लाँड्रीकडे निघाल्या, की त्यांच्या आधी त्यांचा आवाज पोचतो. गल्लीच्या तोंडाशी कुणा सायकलवाल्याला त्या "अरे बाबा, बाजूने!" म्हणाल्या, की मी इस्त्री उभी करून ठेवते आणि त्यांचा कोट खुंटीवरून काढते. गडद निळा, कोपरांवर विटलेला, शाळेच्या बसचा कोट. बसवरची नोकरी कधीच सुटली, पण कोट काही सुटला नाही. त्या कोटाला मी जशी इस्त्री करते तशी माझ्या स्वतःच्या लग्नातल्या कपड्यांनाही केलेली नाही. का, ते सांगते.

मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शर्टाच्या खिशात कुणी पेन विसरलं तर ते त्याला परत मिळतं, पण चार शब्दांसकट. आणि माणूस मी तोंडावरून नाही, कपड्यांवरून ओळखते. कॉलर एकाच बाजूने मळलेली असली की समजायचं, फोन खांद्यात धरून बोलायची सवय आहे. मावशींची पँट आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा गुडघ्यांवर फुगलेली आणि बुडाशी चकाकत होती. मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, ही बाई दिवसभर जमिनीवर बसते की काय?"

सासरे दुकानाच्या पुढच्या भागात शिलाई मशीन टाकून बसायचे. रफू, चेन, बटणं, उसवलेल्या शिवणी, सगळं त्यांच्याकडे. सुईत दोरा ओवता ओवता ते म्हणाले, "बसत असेल. तू गुडघे सरळ करून दे. चौकशा नंतर."

चौकशी मी केलीच. मावशी खरंच जमिनीवर बसत होत्या, आणि तोच त्यांचा पगारी उद्योग होता.

आधी त्या शाळेच्या बसवर होत्या. दार उघडायचं, मुलं चढवायची, मोजायची, उतरवायची. ड्रायव्हरला मागचं दिसायचं नाही म्हणून त्या तोंडाने "पोंऽऽ" करून खूण द्यायच्या. एक पोंऽऽ म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड. बसचा खरा भोंगा बिघडला तेव्हा तो बिघडलाय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मुलांनी तेव्हाच बारसं उरकून टाकलं.

पुलाचं काम निघालं आणि बस रोज रखडायला लागली. मुलं कंटाळायची, रडायची, एकमेकांच्या वेण्या ओढायची. ओरडून ओरडून मावशींचा घसा बसला. मग एकदा त्या बसक्या आवाजात म्हणाल्या, "डोळे मिटा रे सगळे. आपली बस पुलावर नाहीच. कुठे आहे, सांगा बघू." कुणी म्हणालं समुद्रात, कुणी म्हणालं आमच्या गच्चीवर. बस शांत झाली. त्यातच एक मुलगा दात-ओठ खात म्हणाला, "मावशी, मला राग चढलाय." मावशी म्हणाल्या, "चढलाय ना? मग त्याला बसायला जागा दे. कुठे उतरणार म्हणतोय तो?" मुलाने विचार केला आणि सांगितलं की राग पेट्रोल पंपाशी उतरणार आहे. आणि पेट्रोल पंपाशी तो खरंच उतरला.

मग रोजच कुणी ना कुणी चढायला लागलं. राग चढायचा, रुसवा चढायचा, भीती एकटी यायची आणि खिडकीची जागा मागायची. त्या शाळेत मुलांशी बोलायला एक समुपदेशक बाई आहेत. त्यांची स्कूटर एकदा सुरू होईना, म्हणून त्या बसने आल्या आणि हे सगळं त्यांनी ऐकलं. त्यांनी मावशींना डोक्यावर नाही घेतलं. त्या एवढंच म्हणाल्या, "छान आहे. पण यात मुलाला लागूही शकतं. नीट शिकाल का?" मावशी शिकल्या. मुलाला काय दिसतंय ते आपण सांगायचं नाही, त्याने सांगायचं. ओढायचं नाही. उतरायचं दार कायम उघडं ठेवायचं. आणि शेवटी मुलाला परत खोलीत आणून, पायाखालची फरशी दाखवूनच सोडायचं. "अर्धं मला बसनं शिकवलं, अर्धं बाईंनी," असं मावशी अजून म्हणतात.

जिन्याखालची, पूर्वी खेळाचं सामान ठेवायची खोली शाळेने त्यांना याच कामासाठी दिली. अजून तिथे रबरी चेंडूंचा वास येतो. एक सतरंजी, पाणी प्यायला एक तांब्या आणि दाराला आतून लावलेली कडी काढून टाकलेली.

आता माझ्या लेकीकडे येते. तिला घरात सगळे खारू म्हणतात. खारीसारखी ती मिळेल ते साठवते म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. तिच्या फ्रॉकच्या खिशातून मी धुण्याआधी हुक, बटणं, खडूचे तुकडे आणि एकदा अर्धी बिस्किटंही काढली आहेत. आजोबा आणि ती, दोघांचं गूळपीठ असं की मी आणि नवरा त्यांच्यात पाहुणे. नवरा वायरमन, दिवसभर कुणाच्या तरी घराच्या शिडीवर. मी इस्त्रीपाशी. तिला वाढवली ती मशीनपाशी बसलेल्या त्या म्हाताऱ्याने.

दुपारी जेवण झालं की बाबा मशीनला टेकून डुलकी काढायचे. खारू शाळेतून यायची, दप्तर टाकायची आणि एका बोटाने त्यांची पापणी वर करायची. "दुकान उघडलं का?" बाबा म्हणायचे, "बंद आहे. मालक जेवायला गेलेत." ती परत पापणी उचलायची. "आता?" असं चालायचं. शेवटी बाबा दोन्ही डोळे बटाट्याएवढे करून म्हणायचे, "उघडलं! बोला, काय देऊ?" रोज तेच, आणि रोज ती तितकीच हसायची. मी वैतागायची, कारण मला त्या वेळी मशीनवरची पँट हवी असायची.

अशाच एका दुपारी बाबा मशीनला टेकले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्यांना कळलंही नसेल. तेवढी दया झाली.

त्यानंतर खारू झोपेनाशी झाली. डोळ्याला डोळा लागेना. लागला तरी दचकून उठायची आणि आधी माझे डोळे बघायची. मी भाजी निवडताना जरा डोळे मिटून मान मोडली, तर धावत येऊन बोटांनी माझ्या पापण्या ओढायची, नखं लागेपर्यंत. तोंडावर पाणी मारायचं तर एक डोळा उघडा ठेवून. वर्गात बसल्या बसल्या पेंगायची, बाकावरून पडली एकदा. चेहरा पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखा झाला. औषधं झाली. "काय होतंय ग?" विचारलं की, "काही नाही." रडणं तर नाहीच. आजोबांसाठी ती एकदाही रडली नव्हती. मला रोज वाटायचं, हे पोर आता आजारी पडणार, आणि मला कळणारसुद्धा नाही कशाने.

वर्गबाई म्हणाल्या, भोंगामावशींकडे पाठवून बघा. मी पाठवली. दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

आतून तो आवाज आला, आणि तो भोंग्याचा नव्हताच. नव्या कापडावर हात फिरवावा तसा मऊ. "पाय जमिनीवर टेक. छान. एक मोठा श्वास. आता डोळे मिट..."

खारूने जी किंकाळी फोडली, ती ऐकून वरच्या मजल्यावरचा वर्ग थांबला. ती दार ढकलून माझ्या अंगावरून बाहेर पळाली आणि जिन्याच्या सांदीत जाऊन बसली. दोन्ही हातांनी स्वतःच्या पापण्या ताणून धरलेल्या.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी मावशींवर तोंडाचा पट्टा सोडला. तुमची बस तुमच्यापाशी ठेवा म्हटलं, पोरं म्हणजे काय खेळणी वाटली का म्हटलं, आणखी बरंच म्हटलं. मावशी सतरंजीवर तशाच बसून ऐकत होत्या. माझा दम संपल्यावर म्हणाल्या, "ताई, माझंच चुकलं. काय चुकलं ते अजून कळलं नाही मला. पण 'डोळे' म्हणेपर्यंत ती माझ्यासोबत होती, आणि 'मिट' म्हटल्यावर नव्हती. तिला घरात कुठे बसायला आवडतं?"

"आजोबांच्या मशीनपाशी आवडायचं. आता तिकडे फिरकत नाही."

"मी येऊ का तिथे? नाही म्हणालात तर नाही येणार."

मला नाहीच म्हणायचं होतं. पण ज्या बाईवर मी इतकी बरसले, ती स्वतःची बाजू न मांडता माझ्या पोरीची बैठक कुठली ते विचारत होती. मी म्हटलं, "या."

त्या आल्या त्या दुपारी मी हॉटेलच्या चादरी इस्त्री करत होते. धुतलेल्या चादरींचं मोठं गाठोडं भिंतीशी सोडून ठेवलेलं. खारू काउंटरखाली बसून बटणं रांगेत लावत होती. मावशी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या, बाबांच्या नाही. मशीनवर अजून खोळ होती. ते गेल्यापासून ती कुणी काढलीच नव्हती.

रांगेतली बटणं मावशींनी स्टुलावरूनच मोजली. मग म्हणाल्या, "खारू, त्या दिवशी मी तुला चुकीचं काम सांगितलं. बसमध्ये डोळे कोण मिटतं? मागे बसलेली मंडळी. ड्रायव्हरने मिटून कसं चालेल? आज ड्रायव्हर कोण होणार?"

काउंटरखाली आणखी एक बटण रांगेत सरकलं.

"मला तर चालवता येत नाही," मावशी म्हणाल्या. "जन्मभर दारातच उभी राहिले."

बटणं सरकवल्याचा आवाज थांबला. थोड्या वेळाने खारू बाहेर आली. मशीनपाशी गेली आणि खोळ काढायला लागली. मी पुढे झाले, सुई काढून घेतली आणि परत इस्त्रीकडे वळले. ती बाबांच्या स्टुलावर बसली. पाय मशीनखालच्या पायट्यावर, हात चाकावर. पायटा खाली-वर झाला तसा तो ओळखीचा खडखडाट दुकानात भरला.

"ड्रायव्हरसाहेब, डोळे उघडे?"

"उघडे."

"मग सोडा गाडी. मी दारात आहे. कुठे चाललोय आपण?"

"माहीत नाही. रस्ता लांब आहे."

"असू दे. कुणी हात दाखवतंय का थांबायला?"

चाक फिरत राहिलं. मग खारू म्हणाली, "राग."

"घ्यायचं त्याला?"

"तो चढला पण."

"बसू दे. कुणावर आलाय तो?"

"आत्यावर." पायटा जोरात आपटला. "आत्याने माझा हात ओढला. मला उघडू दिलं नाही."

"काय उघडू दिलं नाही?"

"दुकान."

मावशींना काय कळणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इस्त्री उभी करून ठेवली होती. मला एकदम ती दुपार दिसली. खोली माणसांनी भरलेली, बाबांना पलंगावर निजवलेलं, शाळेतून आलेली खारू सरळ त्यांच्यापाशी जाऊन बोट पुढे करते, आणि माझी नणंद रडत रडत तिचा हात मागे घेते, "नको ग बाळा." आणि फोनवर नवरा, फोनवर नणंद, फोनवर मी, सगळे ज्याला त्याला एकच वाक्य सांगतोय. बाबांनी डोळे मिटले. दुपारी मशीनवर बसल्या बसल्या डोळे मिटले हो. किती शांतपणे मिटले. 'मेले' म्हणवत नव्हतं कुणालाच. उंदीर मरतो, पाल मरते, आपल्या माणसाला तो शब्द लावायला जीभ धजत नाही. म्हणून आम्ही मऊ शब्द वापरला, आणि पोरीने तो जसाच्या तसा घेतला. डोळे मिटले, म्हणून आजोबा गेले. तिने उघडले असते, तर आले असते.

"मावशी," मी म्हटलं, "ती आजोबांचे डोळे उघडायची. रोज. 'दुकान उघडलं का' म्हणून. आणि आम्ही सगळ्यांना सांगितलं, त्यांनी डोळे मिटले."

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला नाही, की मला समजुतीच्या चार गोष्टी ऐकवल्या नाहीत. त्यांचा चेहरा मात्र एकदम म्हातारा झाला. "आणि मी तिला तेच करायला सांगितलं," त्या हळूच म्हणाल्या. मग पुन्हा दारातल्या माणसाच्या आवाजात, "ड्रायव्हरसाहेब, तुमची आई हात दाखवतेय. तिला काही सांगायचंय. थांबवता का?"

खारूने चाक धरलं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"खारू, आजोबा मेले," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण तो शब्द तोंडातून काढताना दात उपटल्यासारखं झालं. "त्यांचं हृदय थांबलं. डोळे मिटल्याने नाही थांबलं. ते तर रोजच मिटायचे ना? हृदय थांबलं, म्हणून ते मेले. तू उघडले असतेस तरी ते उठले नसते. आत्याने उघडले असते तरी नाही. डॉक्टरांनीसुद्धा उघडून पाहिले, ग."

"डॉक्टरांनी उघडले?"

"हो."

"तरी नाही?"

"तरी नाही."

तिने चाक सोडलं. मग तिने मावशींकडे पाहिलं आणि अगदी कामाचं सांगावं तसं म्हणाली, "मावशी, रडू आलंय. दारात आहे."

"मग चढू दे ना बाई त्याला," मावशी म्हणाल्या. "कधीचं उभं आहे ते स्टॉपवर."

आणि माझी लेक रडली. त्या मशीनवर डोकं टेकून, जिथे ते टेकायचे तिथेच, हमसून हमसून रडली. मला तिला उचलून घ्यायचं होतं, मावशींनी नुसता हात वर करून मला थांबवलं. त्या स्वतःही पुढे झाल्या नाहीत. दारात उभं राहावं तशा उभ्या राहिल्या, रडू पुरतं आत येईपर्यंत. मग खारूच उतरून माझ्या कुशीत आली. फ्रॉकच्या खिशातली बटणं माझ्या बरगडीला टोचत होती. आयुष्यात मला इतकं बरं कधी काही टोचलेलं नाही.

नाक पुसून झाल्यावर ती मावशींना म्हणाली, "आता तू चालव."

"मला येत नाही म्हटलं ना?"

"सोपं आहे. डोळे उघडे ठेव फक्त. मी मागे बसते."

मागे म्हणजे चादरींच्या गाठोड्यावर. मावशी त्या लहानशा स्टुलावर कशाबशा मावल्या आणि पायटा हलवायला लागल्या. खारू गाठोड्यात रुतली. आधी एक डोळा मिटला. उघडून माझ्याकडे पाहिलं. मग दुसरा मिटून बघितला. "मी झोपत नाहीये," तिने जाहीर केलं. "नुसते मिटून बघतेय." त्यानंतर तिचा श्वास लांब झाला.

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात येऊन "झाली का पँट?" म्हणून गरजलं. आणि ज्या बाईच्या आवाजाने बस थांबायच्या, तिने ओठांवर बोट ठेवून त्याला असं काही "श्शू" केलं, की तो बिचारा चवड्यांवर मागे गेला. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही जा आता, पाय दुखतील." त्या कुजबुजल्या, "पोरगी गाडीत आहे. ड्रायव्हर मध्येच उतरतो का?" उन्हं काउंटरवरून भिंतीवर सरकली, तरी त्यांचा पाय हळूहळू पायट्यावर हलत होता. मी इस्त्री केली नाही. नुसती बघत बसले, लेकीकडे आणि त्या विटक्या कोटाच्या पाठीकडे. मी तोंडाची तिखट, आभार मानायची मला सवय नाही. पण त्या दुपारी मी मनातल्या मनात मावशींचे, स्कूटर बंद पडलेल्या त्या समुपदेशक बाईंचे, त्या रखडलेल्या पुलाचेसुद्धा आभार मानले.

खारू उठली तेव्हा गालावर चादरीची वळी उमटली होती. "स्टॉप आला," मावशी म्हणाल्या. "पाय टेक बघू जमिनीवर. गार आहे का फरशी?"

"गार आहे," खारू म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. "आई, आता तू मिट."

इतके दिवस मी तिच्यासमोर नीट डोळे मिचकावलेसुद्धा नव्हते. मी मिटले. बाबा गेल्यापासून मला रडायला फुरसत झाली नव्हती ती त्या अंधारात एकदम मिळाली, आणि मिटलेल्या पापण्यांतून पाणी यायला लागलं. नखं आता लागणार म्हणून मी वाट बघत होते. नखं लागली नाहीत. एक लहानसं, गाढ झोपेने उबदार झालेलं बोट माझ्या पापणीवर आलं आणि अलगद थांबलं.

"दुकान उघडलं का?"

"बंद आहे," मी कसंबसं म्हटलं. "मालक जेवायला गेलेत."

बोट हललं नाही. "आता?"

मी दोन्ही डोळे बटाट्याएवढे केले. "उघडलं! बोला, काय देऊ?"

खारू हसली. आणि इतका वेळ दाबून ठेवलेला आवाज मावशींनी मोकळा सोडला, "पोंऽऽ पोंऽऽ!" गल्लीतली एक रिक्षा घाबरून बाजूला झाली.